जयम्माच्या खांद्यावरचा हात

नसीम, त्या हॉटेलवाल्यांना मी काल नकार कळवला. आता तू म्हणशील, मी होते तोवर माझं एक ऐकलं नाहीस आणि मी गेल्यावर बरं शहाणपण सुचलं. म्हण बाई. तुझ्या तोंडून ते ऐकायला मिळालं असतं, तर मी उलटून एक शब्द बोलले नसते.

बोलले असते, खरं तर. तुलाही ते माहीत आहे.

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. तू कशाने गेलीस, कधीपासून बरं नव्हतं, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगून सांगून अब्बा थकले. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. त्या आठवड्यात तुमच्या सरोजिनी नगरच्या जुन्या क्वार्टरमधली शेजारपाजारची मंडळी आली होती. त्यातल्या एका काकूंनी मला चहा टाकायला सांगितला. तुझ्या स्वयंपाकघरात मी चहाची पावडर शोधत राहिले. कॉफीचे डबे ओळीने मांडलेले, चहाचा पत्ता नाही. शेवटी सगळ्यांना कॉफीच दिली आणि ती सगळ्यांनी तोंड वाकडं न करता प्यायली. ह्या लोकांना कॉफी पाजायची म्हणून तू किती वर्षं धडपडलीस. ते आठवलं आणि मी ओट्याला धरून रडले. त्या दिवसांतलं माझं पहिलं रडणं तेच.

आपली ओळखही कॉफीवरून भांडूनच झाली. मी तेव्हा मुनिरकाच्या एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षा देत होते, म्हणजे नापास होत होते. तू आमच्या अभ्यासिकेत थर्मास घेऊन आलीस. फुकट कॉफी प्या आणि कशी वाटते ते सांगा, असं म्हणत फिरलीस. मी हिंगोलीची. आमच्याकडे कॉफी म्हणजे आजारपणात दुधात घालायची वस्तू. मी एक घोट घेतला आणि मराठीत पुटपुटले, "कडू आहे." तू गर्रकन वळलीस.

"कडू तर सगळीच असते यार. ठीक से सांग ना, कशी कडू?"

"तुरट आहे. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ ओढते ना, तशी. आणि मागून जरा कुबट वाटते."

"कुबट म्हणजे?"

तुमच्या घरी बोलायचे ते सोलापूरचं मराठी, पण तू दिल्लीत वाढलेली. अब्बांचे कितीतरी शब्द तुझ्यापर्यंत पोचलेच नव्हते. कुबट, खवट, आंबूस, मचूळ. मी एकेक सांगत गेले आणि तू डोळे मोठे करून ऐकत राहिलीस. मग म्हणालीस, "तू माझ्याकडे ये. मला जीभ आहे, तुझ्याकडे शब्द आहेत." परीक्षेचा पुढचा निकाल लागल्यावर मी आले. तेव्हापासून तू मला कलेक्टरीणबाई म्हणायला लागलीस. सगळ्यांसमोर. हॉटेलवाल्यांसमोरसुद्धा.

मी चहा पिणारी बाई आहे, हे तुला शेवटपर्यंत पचलं नाही. नोएडातल्या आपल्या शेडमध्ये दिवसभर बिया भाजायच्या, टेबलावर वाट्या मांडून सुर्र सुर्र करत चव बघायची, थुंकायची, आणि मग गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन मी कडक चहा मारायचा. तू काचेतून बघायचीस. आज सांगते, मी कॉफीसाठी कधीच थांबले नव्हते. तू सकाळी शटर वर करताना जो आरडाओरडा करायचीस, त्यासाठी थांबले होते. हे तुला सांगायला हवं होतं. पण असलं काही बोललं की तू लगेच "सेंटी मत हो" म्हणायचीस, म्हणून राहून गेलं.

आता जयम्मा.

चिकमगळूरच्या डोंगरातलं तिचं घर तू शोधून काढलंस. लहानसा मळा, घरात नवरा आहे पण बोलायचं काम जयम्माचं. तिला कन्नड सोडून काही येत नाही. तिची मुलगी सुमा तोडकंमोडकं हिंदी बोलते, तीच दोन्हीकडचं इकडून तिकडे करायची. पहिल्याच भेटीत जयम्माने तुला विचारलं की दिल्लीहून इतक्या लांब कशाला आलीस, दलाल तर गावातच येतो. तू म्हणालीस, तुमची कॉफी कोण पिकवतं ते बघायला. त्यावर ती म्हणाली, मग तुझी कॉफी कोण पितं ते बघायला मी कधी येऊ? मला त्याच क्षणी ती आवडली.

तिच्याशी भाव ठरायचा तो फळ झाडावर हिरवं असतानाच, तिच्या ओसरीवर. बाजार पुढे चढो की पडो, ठरलं ते ठरलं. आणि तुझी एक रीत होती, ती ह्या धंद्यात मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. भाजलेली कॉफी ज्याच्या मळ्यातली, त्याच्याकडे तू परत घेऊन जायचीस. त्यांच्याच चुलीवर करून त्यांनाच पाजायचीस. जयम्माने जन्मभर कॉफी पिकवली, पण घरी प्यायची ती चिकोरी घातलेली दुकानातली. चांगला माल विकायचा असतो, प्यायचा नसतो, असं तिचं म्हणणं. तुझ्या हातची पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिने पेला तळापर्यंत रिकामा केला. मग सुमामार्फत तिने एवढंच सांगितलं की साखर कमी आहे.

फोटोचं खूळ तुझंच. हल्ली सगळे शेतकऱ्याचा चेहरा छापतात, एथिकल म्हणतात, आपण तर खरोखर ओळखतो तिला, मग आपण का नको? मी त्या वेळी घाटातल्या वळणांनी आडवी झाले होते, आतल्या खोलीत ओकाऱ्या काढत पडले होते. बाहेरचं बोलणं तेवढं कानावर येत होतं. सुमा म्हणत होती, "अम्मा बोलती है, हमारे घर में फोटो गया हुआ आदमी का लगाते हैं।" आणि ते खरंच होतं. ओसरीच्या भिंतीवर जयम्माचे सासू-सासरे आणि एक दीर, हार घातलेले, ओळीने. जिवंत माणसाचा एकही नाही. तू म्हणालीस, "दीवार पे नहीं अम्मा, पैकेट पे।" त्यावर जयम्मा हसल्याचं ऐकू आलं. ती पदर सारखा करून उभी राहिली आणि सुमाने तुझ्या फोनवर फोटो काढला, हे नंतर तू सांगितलंस.

पाकीट देखणं झालं होतं, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. समोर पूर्ण भरून जयम्माचा चेहरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मागे वाळवणाच्या ताडपत्र्या. कडेला तिच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं, फिरोज्याची अंगठी घातलेली. ग्राहक विचारायचे, हा हात कुणाचा? तू म्हणायचीस, "असेल कुणी घरातलं." मला अंगठी ओळखू येत होती.

पुढच्या वर्षी ती पाकिटं घेऊन आपण जयम्माकडे गेलो. तू चुलीशी आधण ठेवलंस आणि तिला म्हणालीस, तुम्हीच उघडा. तिने कात्री आणली. पाकिटाच्या वरच्या कडेखाली कापायची तुटक रेघ छापलेली असते, तिच्यावर तिने कात्री नेली आणि थांबली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती रेघ बरोबर तिच्या कुंकवावरून जात होती. आपण दोघींनी ते डिझाइन किती वेळा तपासलं होतं. अक्षरं बघितली, रंग बघितले, तिच्या गावाच्या नावातला वेलांटीचा घोळ सुधारला. ती पाकिटं दिल्लीभर लोकांनी कपाळावरून फाडली आणि कचऱ्यात टाकली. आपल्या डोक्यात आलं नाही.

जयम्माने पाकीट उलटं केलं आणि तळाकडून कापलं. बिया डब्यात ओतल्या, रिकामं पाकीट पदराने पुसलं, घडी न घालता कपाटात ठेवून दिलं. मग तुझ्याकडे बघून म्हणाली, साखर ह्या वेळी तू घाल.

परतीच्या अख्ख्या प्रवासात तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. मी आपली, ठीक आहे, रेघ वर सरकवू, चेहरा खाली घेऊ, असं काहीबाही सुचवत होते. विमानतळावर तू एवढंच म्हणालीस, "फोटो नहीं जाएगा।" माझ्याशी तू हिंदीत बोललीस म्हणजे विषय संपला, हे मला कळायचं.

पण विषय संपला नाही. नवं पाकीट साधं, तपकिरी. जयम्माचं नाव, गाव, ठरलेला भाव, बस. दुकानदार विचारायला लागले, ती आंटी कुठे गेली? माल तोच, आणि विक्री बसली. मी म्हणायचे, फोटो छापायचा हट्ट तुझा, काढायचा हट्टही तुझाच, आणि लोकांना उत्तरं मात्र मी द्यायची. तू म्हणायचीस, आपलं तिच्याशी नातं आहे, ते काय विकायला ठेवायचं? मी म्हणायचे, नातंबितं काही नाही, व्यवहार आहे. सचोटीचा आहे, पण व्यवहारच आहे. तिला आपल्यापेक्षा जास्त देणारा भेटला तर ती त्याला देईल, आणि तिने द्यावंही.

आणि एका वर्षी तिने दिलंही. बाजार चढला होता, बाहेरचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला आणि आपल्याला ठरल्यातला निम्माच माल मिळाला. मी तुझ्याकडे अशी बघत बसले की आता बोल. तू फोनवर सुमाला म्हणालीस, अम्मांना सांग, बरं केलं. आणि फोन ठेवून मला म्हणालीस, "ती नाही म्हणू शकते ना आपल्याला, मग ठीक आहे. नाही म्हणता येत नसेल तर ते कसलं नातं?" मला वाटलं, ही हरलेल्या माणसाची पळवाट आहे. तू मात्र त्या दिवशी खरंच खुशीत होतीस. टपरीवर येऊन माझ्याबरोबर चहासुद्धा प्यायलीस.

संक्रांतीला अब्बा आपल्याला पानिपतला काला अंबला न्यायचे, आठवतं? दिल्लीतली सगळी मराठी मंडळी बस करून निघायची. अब्बा बसमध्ये सगळ्यांना तिळगूळ वाटायचे आणि तू कॉफी. एकदा तिथे, त्या स्तंभासमोर, मी पुन्हा फोटोचा विषय काढला. चेहरा दिसला की माणूस जवळचा वाटतो, हे माझं पालुपद. तू स्तंभाकडे हात केलास. "इथे कुणाचा चेहरा दिसतोय का? इतक्या लांबून सातारा-सांगलीची लोकं येतात. कुणाचा फोटो बघून येतात?" मी म्हटलं, ही मेलेली माणसं आहेत नसीम, ह्यांना कॉफी विकायची नाही. तू इतकी हसलीस की अब्बांनी डोळे वटारले.

मग हे हॉटेल आलं. शेडचं भाडं वाढलेलं, जुनी मशीन कुरकुरायला लागलेली, आणि एवढी मोठी साखळी आपली कॉफी प्रत्येक खोलीत ठेवायला तयार. अट एकच, पाकिटावर शेतकऱ्याचा चेहरा हवा, जुनी आंटी त्यांना फार आवडली होती. ही ऑर्डर मिळाली नाही तर शेड वर्षभर टिकेल का, ह्याची मला खात्री नव्हती. तुलाही नव्हती. आपलं शेवटचं धडपणे झालेलं बोलणं ह्यावरचंच. मी आवाज चढवला. तू खुर्चीत मागे टेकलीस, चेहरा ओढलेला होता, आणि म्हणालीस, "कल बात करते हैं कलेक्टरीणबाई, आज थकले." मी पर्स उचलून निघून गेले. ते बोलणं कायमचं तिथेच राहिलं.

तू गेल्यावर हॉटेलवाल्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग चार दिवस थांबून विचारलं, तर मग फोटोचं काय? आता मला अडवणारं कुणी नव्हतं. नसीम, खोटं कशाला बोलू, मी हो म्हणणारच होते. शेड तुझ्या हातची. ती बंद पडण्यापेक्षा चेहरा छापलेला बरा, रेघ वर घेऊ, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं. फक्त आधी जयम्माला तू गेल्याचं कळवायचं होतं. ते मी पुढे ढकलत होते. फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. शेवटी केला. सुमाला सांगितलं, सुमाने तिथेच आईला कन्नडमध्ये सांगितलं. मग सुमा म्हणाली, "अम्मा पूछती है, उनका फोटो है क्या?"

तुझा फोटो शोधायला बसले आणि लक्षात आलं, तुझा फोटोच नाही. सगळीकडे फोन तुझ्या हातात. मळे, माणसं, वाट्या, बिया, टपरीवर चहा पिणारी मी, अगदी शेडमधलं मांजर, सगळ्यांचे फोटो आहेत, तू कुठेच नाहीस. ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात तू इतकी रागावलेली दिसतेस की तो पाठवायची माझी हिंमत होईना. मग तुझ्या लॅपटॉपमध्ये पाकिटाचं जुनं सामान सापडलं, आणि त्यात तो, सुमाने काढलेला, मूळ फोटो.

तो मी कधी पाहिलाच नव्हता. पाकिटावर आला तो अर्धा होता. पूर्ण फोटोत तुम्ही दोघी आहात. तुझा हात जयम्माच्या खांद्यावर, ओढणी घसरलेली, आणि तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीस. तिच्याकडे बघून हसते आहेस. ती पण तोंड दाबून हसते आहे, कारण तू नक्कीच कन्नड बोलायचा प्रयत्न केला असशील. आणि मग दिल्लीत येऊन, ह्याच टेबलावर बसून, तू स्वतःला त्यातून कापून टाकलंस. ग्राहकाला शेतकरी दिसला पाहिजे, आपण कशाला मध्ये, असंच म्हणाली असशील. बोटं तेवढी कापता आली नाहीत, कारण ती तिच्या खांद्यावर होती.

पाठवण्याआधी अब्बांना विचारलं. भिंतीवर लावतील, हार घालतील, चालेल का? अब्बांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "आपल्यात लावत नाहीत बेटा. पण ते घर तिचं आहे. तिथं तिची रीत. पाठव तू."

पाठवला. सुमाने तालुक्याच्या गावी जाऊन तो मोठा करून आणला. संध्याकाळी तिचा फोन. फोटो करणारा माणूस विचारत होता, दोघींपैकी गेलेली कोण ते सांगा, दुसरीला काढून टाकतो. जिवंत माणसाला भिंतीवर लावत नाहीत, हे त्यालाही माहीत. सुमालाही ते बरोबर वाटत होतं. पण आईला विचारायचं म्हणून तिने तो तसाच घरी आणला आणि आईपुढे ठेवला, कात्रीसकट.

"फिर?" मी विचारलं.

"अम्मा ने कैंची वापस रखवा दी। बोली, काटना नहीं।"

"लेकिन सुमा, उसमें अम्मा खुद है। दीवार पे कैसे..."

"मैंने भी बोला। पड़ोस वाले भी बोले, अपशकुन है। अम्मा बोलती है, मेरे लिए उसने खुद को एक बार काट दिया, अब कोई नहीं काटेगा।"

मी फोन कानाला धरून शेडमध्ये उभी होते. नातं की व्यवहार, ह्यावर तुझ्याशी इतकी वर्षं भांडले. त्याचं उत्तर मला तुझ्याकडून घ्यायचं होतं, नसीम. ते तुझ्या माघारी, तिच्याकडून आलं. हॉटेलला नकाराची मेल मी त्यानंतर लिहिली. शेडचं काय होईल मला माहीत नाही. भीती वाटते, रोज वाटते. शटर वर करताना आवाज फक्त शटरचा होतो, आणि मला तो सहन होत नाही.

आज सुमाने भिंतीचा फोटो पाठवला आहे. सासू, सासरे, दीर, आणि शेवटी तुम्ही दोघी. त्या तिघांना हार आहेत. तुमच्या चौकटीला हार नाही, तुझ्या बाजूला तेवढी कॉफीच्या फुलांची एक डहाळी खोचली आहे. तिकडे आता मळे पांढरे झाले असतील. खाली त्याच भिंतीला टेकून, आपल्याच फोटोखाली, जयम्मा पाय पसरून बसली आहे आणि बशीतून कॉफी पिते आहे. वर तुझा हात तिच्या खांद्यावर आहे, पूर्ण. तो कुणाचा, असं त्या घरात कुणी विचारणार नाही.